वाईट बातमीला दहा गुण

मला कॅन्सर झालाय हे मला पहिल्यांदा सांगितलं ते मिसरूडही धड न फुटलेल्या एका मुलानं, आणि तेही हसत हसत. बिचारा घाबरला होता. काही माणसं घाबरली की हसतात. "मावशी, एक बॅड न्यूज आहे," एवढं म्हणाला आणि पुढचं वाक्यच विसरला. मग छताकडे बघायला लागला. मी म्हटलं, "अरे बाबा, मारायचंच आहे तर नीट तरी मार." कोपऱ्यात बसलेल्या मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, कारण हे वाक्य माझ्या भूमिकेत नव्हतं.

भूमिका म्हणजे अगदी नाटकातल्यासारखीच. मला काहीही झालेलं नव्हतं. मी एका मेडिकल कॉलेजात खोटी रुग्ण म्हणून जात असे आणि तिथली मुलं माझ्यावर वाईट बातमी सांगायला शिकत असत.

ऐकणाऱ्याला हे चमत्कारिक वाटतं, म्हणून कसं झालं ते सांगते. मी बँकेत होते. बँकेत कॉम्प्युटर आले, आणि आमच्यासारख्या हातानं बेरजा करणाऱ्यांसाठी स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. स्वेच्छा कुणाची, ते विचारू नका. पन्नाशीही गाठली नव्हती आणि मी बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये भाजी निवडत बसले. बँकेत असताना दरवर्षी आमचं नाटक स्पर्धेला जायचं आणि त्यात रडणारी आई, रडणारी सासू, रडणारी विधवा ही सगळी कामं माझ्याकडे असायची. मी फार छान रडते असा माझा लौकिक होता. आमच्या शाखेत खातं असलेल्या एक डॉक्टरीणबाई दरवर्षी नाटकाला यायच्या. मेडिकल कॉलेजात शिकवायच्या. त्या एकदा रस्त्यात भेटल्या आणि कसल्याही प्रस्तावनेशिवाय म्हणाल्या, "रिकाम्या आहात असं कळलं. आमच्या मुलांसमोर रडाल का?"

या त्या मॅडम. अंगानं किरकोळ, आवाज मात्र वॉर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. त्यांच्या खोलीत भिंतीवर एक टाइप केलेला कागद होता. डॉक्टर होऊन बाहेर पडताना विद्यार्थ्याला काय काय यायला हवं, त्याची उद्दिष्टं. रोग ओळखता यावा, साधे उपचार करता यावेत, आपल्या आवाक्याबाहेरचं असेल तर वेळेवर पुढे पाठवता यावं, असं बरंच काही. त्यातलं शेवटचं मॅडमनी स्वतः घातलेलं होतं: वाईट बातमी रुग्णाला स्वतःला, त्याला समजेल अशा भाषेत, माणुसकीनं सांगता यावी.

या शेवटच्या ओळीवरून त्यांची कॉलेजात टिंगल व्हायची. बाकीचे प्राध्यापक म्हणायचे, हे काय शिकवायचं असतं का, ज्याचं त्याला येतं. मॅडमचं उत्तर ठरलेलं. "येतं? कुणाला? मला दाखवा एक, मी पेढे वाटते." एकदा चहा पिताना मला म्हणाल्या, "मी शिकत होते तेव्हा आमच्या सरांनी एका बाईला राउंडवर चालता चालता सांगितलं. थांबले पण नाहीत हो. ती बाई कॉटच्या कडेला तशीच उभी राहिली, तोंड उघडं. मला अजून दिसते." मी बिस्कीट बुडवायचं विसरले.

तर असं ते काम. एक छोटी खोली, दोन खुर्च्या, टेबल, टेबलावर पाण्याचा पेला. मी रुग्ण. शाळेतून निवृत्त झालेली बाई, पोटात गाठ, तपासणी झालेली, रिपोर्ट आणायला आले आहे. मुलगा किंवा मुलगी हातात रिपोर्ट घेऊन आत येणार आणि बेल होईपर्यंत मला सांगणार. कोपऱ्यात मॅडम गुणांचा तक्ता घेऊन बसणार. नाव विचारलं का, खुर्ची जवळ घेतली का, रुग्णाला आधीपासून काय ठाऊक आहे ते विचारलं का, कॅन्सर हा शब्द स्पष्ट उच्चारला का, उच्चारल्यावर गप्प बसला का. एकूण दहा गुण.

सगळ्यांचं घोडं पेंड खायचं ते त्या एका शब्दाशी. शब्द तोंडातून निघेल तर शपथ! "ग्रोथ आहे" म्हणायचे. "मॅलिग्नन्सी" म्हणायचे. बाहेरच्या राज्यातून आलेली एक गोड मुलगी म्हणाली, "मावशी, तुमची गाठ आहे ना, ती थोडीशी वाईट वाली आहे." एकानं सांगितलं, "रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय," आणि माझ्या भूमिकेतली बाई साधीसुधी असल्यामुळे मी टाळी वाजवून म्हटलं, "अगंबाई, देवच पावला!" तो मुलगा असा काही पांढरा पडला की त्यालाच पाणी पाजावं लागलं.

पहिल्या वर्षी ही गंमत होती. पुढे मुलं हुशार झाली. आधीच्या बॅचकडून सगळं लिहून घ्यायची आणि पाठ करून यायची. आत आली की धाडकन खुर्ची पुढे ओढायची. पेला माझ्याकडे सरकवायची. "तुम्हाला कसं वाटत असेल हे मी समजू शकतो," असं म्हणायची. विशीतली पोरं! काय समजतोस रे मेल्या, असं अगदी ओठावर यायचं माझ्या. शब्द उच्चारून झाला की गप्प बसायची, पण त्यांचे ओठ हलत असायचे. मनात आकडे मोजत असायची. बेल झाली की अर्ध्या वाक्यावरून उठून बाहेर. मी रडते आहे, आणि माझा डॉक्टर खुर्ची जागेवर लावून, "थँक यू मॅडम," असं कोपऱ्याकडे बघून म्हणतोय. दहापैकी नऊ गुण. पालथ्या घड्यावर पाणी म्हणावं तर तसंही नाही, घडा भरत होता. पण कशानं भरत होता, देव जाणे.

घरी येऊन मी हे सगळं यजमानांना रंगवून सांगायचे. ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासणी खात्यात होते, नुकतेच निवृत्त झालेले. बोलायला अगदी मोजके. एकदा सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "तू खोटं रडणार, ते खोटं सांगणार आणि त्यातून खरे डॉक्टर बाहेर पडणार. बरं आहे." मला राग आला. मी म्हटलं, "तुम्ही तरी कुठं युद्धात बॉम्ब फोडून तपासत होता?" त्यावर ते हसले. हसले म्हणजे मिशी जराशी हलली.

आमची एकुलती एक मुलगी तेव्हा हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत होती. सकाळी कंपनीची बस पकडायची तिची धांदल आणि ओट्यापाशी माझी तालीम. कांदा चिरता चिरता मी मोठ्यानं म्हणायचे, "डॉक्टर, मला काय झालंय? खरं सांगा हो!" ती केस विंचरत ओरडायची, "आई, सकाळी सकाळी मरू नकोस गं!" कधी मी तिलाच पकडून, हात धरून, डोळ्यांत पाणी आणून विचारायचे. तिला ते मुळीच आवडायचं नाही. पण फसायचीही ती. एकदा खरंच घाबरून रडली, मग मला तिची समजूत काढावी लागली. पुढे ती लग्न करून कंपनीतर्फेच अमेरिकेला गेली आणि ओट्यापाशी मी एकटीच मरायला लागले.

त्या इतक्या मुलांमधला एक मला लक्षात राहिला. उंच, काळासावळा, नागपूरकडचा. त्यांच्या घरात डॉक्टर होणारा तो पहिलाच. पुण्यातली पोरं त्याच्या बोलण्याची नक्कल करायची आणि तो मनावर घ्यायचा नाही, किंवा तसं दाखवायचा. पहिल्या सरावाला तो आत आला, बसला, माझं नाव विचारलं आणि म्हणाला, "काकू, तुम्हाला कॅन्सर आहे जी." एवढं म्हणाला आणि त्याच्याच डोळ्यांत पाणी आलं. आता डॉक्टर रडला तर गुण द्यायचे की कापायचे, हे काही मॅडमच्या तक्त्यात नव्हतं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. नंतर त्याला म्हणाल्या, "रडलास त्याचं काही नाही. पण तिला तुझी समजूत काढायला लावू नकोस." तो मान हलवत गेला.

मग परीक्षा. त्या दिवशी बाहेरून एक परीक्षक आले होते, वेळेचे फार पक्के. हा मुलगा आला. तक्त्यातलं अर्धंअधिक विसरला. पेला सरकवला नाही, समजू शकतो असं म्हणाला नाही. सांगितलं आणि माझ्याकडे बघत राहिला. मी विचारलं, "आता मी जगणार नाही का?" तर म्हणाला, "किती ते मला नाही सांगता येत. पण मी हाय इथं." बेल झाली. तो उठला नाही. मी भूमिकेत रडत होते, आणि तो म्हणाला, "तुम्ही जा म्हणाल तेव्हा उठतो जी." बाहेरचे परीक्षक घड्याळाकडे बोट दाखवायला लागले, पुढची मुलगी दार उघडून उभी, आणि मी खोटं रडता रडता खरी रडायला लागले. सांगायला लाज नाही वाटत मला. मॅडमनी त्याला पैकीच्या पैकी दिले आणि परीक्षकांशी भांडून ते टिकवले. घरी जाऊन मी यजमानांना सांगितलं, "आज एक डॉक्टर पाहिला." ते म्हणाले, "पेढे आण मग."

त्यानंतर काही वर्षांनी माझं कॉलेजात जाणं बंद झालं. मॅडम निवृत्त झाल्या. नव्या इमारतीत नव्या लोकांनी रबराचे पुतळे आणले, ते बटण दाबलं की कण्हतात. मला कुणी बोलावलं नाही आणि मीही विचारलं नाही. गुडघे कुरकुरायला लागले होते.

त्याच सुमारास मुलीकडून गोड बातमी आली. आम्ही दोघांनी तिच्या बाळंतपणाला अमेरिकेला जायचं ठरलं. व्हिसा झाला, जावयानं तिकिटं काढली, मी डिंक, सुंठ, हळिवाच्या पुड्या बांधायला घेतल्या. यजमान आयुष्यात कधी विमानात बसले नव्हते. शेजारच्या मुलाकडून संगणकावर विमानातली आपली जागा कुठली ते बघून आले. "खिडकीची आहे," म्हणाले. एवढे खूश मी त्यांना लग्नातही पाहिले नव्हते.

आणि त्यांना जेवण जाईना. दोन घास खाल्ले की ताट सरकवायचे. पॅन्टला पट्टा लागायला लागला. विचारलं की म्हणायचे, "वय झालं. तिकडून आल्यावर बघू." मीच हट्टानं आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि लगेच चिठ्ठी लिहायला घेतली. मग नळी घालून तपासणी, तुकडा काढून तपासणी. रिपोर्ट घेऊन एका मोठ्या हॉस्पिटलात, मोठ्या डॉक्टरांना दाखवा म्हणाले. यजमान मात्र म्हणत होते, अल्सर असेल, कारखान्यातल्या चहानं सगळ्यांनाच होतो.

हॉस्पिटल कसलं, विमानतळच तो. गुळगुळीत फरशा, टोकन, वर आकडे दाखवणारे पडदे. आमचा आकडा आला आणि आम्ही आत गेलो, तर समोर तो. नागपूरचा मुलगा. भरला होता, टाय होता, डोळ्यांखाली काळं. मला बघून ताडकन उभा राहिला. "मॅडम! तुम्ही!" माझा जीव इतका हलका झाला म्हणून सांगू! वाटलं, हा आहे ना, मग बरं झालं. जे काय असेल ते हा सांगेल, नीट सांगेल, यांच्याकडे बघून सांगेल. अक्षरशः देव भेटल्यासारखं वाटलं मला.

मग त्यानं फाइल उघडली. वाचली. त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "काका, तुम्ही जरा दोन मिनिटं बाहेर बसता का?"

यजमानांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. उठले आणि बाहेर गेले. दार काही नीट लागेना, पुढच्या आकड्याची माणसं त्यातून डोकावत होती. तो संगणकावर काहीतरी बडवत होता. बडवता बडवताच त्यानं रिपोर्टचा कागद माझ्याकडे फिरवला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्हाला काय सांगणार? तुम्हाला तर हे सगळं माहीतच आहे."

मी कागद वाचला. इंग्रजी मला येतं, बँकेत जन्म गेला. त्यात तो शब्द दुसऱ्याच ओळीत होता.

"पसरलंय," तो पडद्याकडे बघत म्हणाला. "लिव्हरमध्ये पण आहे. ऑपरेशनचा उपयोग नाही. प्रवास तर नाहीच करता येणार. केमो ट्राय करू, पण मॅडम, यू नो." मी म्हटलं, "त्यांना सांग. आत बोलाव आणि सांग." तर काय म्हणाला असेल? म्हणाला, "तुम्हीच सांगा ना, मॅडम. तुम्ही किती छान करायच्या! तुमच्याइतकं कुणाला जमणार आहे?"

देवाशपथ सांगते, तो हे टोमणा म्हणून म्हणाला नाही. मनापासून म्हणाला. त्याला खरंच वाटत होतं की ते मला येतं. मी म्हटलं, "अरे शहाण्या, मी ऐकणारी होते! सांगायचं काम तुझं होतं. पैकीच्या पैकी तुला मिळाले होते, मला नव्हे!" माझा आवाज चढला असावा, कारण नर्स आत आली. त्यानं दाराकडे हात केला, "बघा ना बाहेर किती आहेत. संध्याकाळपर्यंत असंच." तेवढ्यात त्याचा फोन वाजला. फोन कानाला लावून त्यानं माझ्याकडे बघून हात जोडले. ते हात जोडणं बघून मला त्याची दयाही आली आणि तळपायाची आग मस्तकातही गेली. दोन्ही एकदम.

बाहेर यजमान बाकावर ताठ बसले होते. "काय म्हणाला?" मी म्हटलं, "घरी सांगते."

घरी आल्यावर ते खुर्चीत बसले. मी पाणी आणलं, समोर बसले. मी आयुष्यभर माणसांसमोर उभं राहून बोललेली बाई. तोंड उघडलं आणि आवाज निघेना. म्हणजे शब्द माहीत होता, किती वेळा कानांनी ऐकला होता, पण तो ऐकण्याचा होता, बोलण्याचा नव्हता. ते माझ्याकडे बघत राहिले. शेवटी त्यांनीच विचारलं, "मोठं आहे?" मी मान हलवली. "जायचं नाही म्हणाला?" मी पुन्हा मान हलवली. त्यांनी पाण्याचा पेला बाजूला सरकवला. मग म्हणाले, "मला बाहेर का बसवलं?"

त्यांचा राग बाहेर बसवल्याचा होता. आजाराचा नव्हता, निदान त्या दिवशी तरी. "कारखान्यात एखादा लॉट नापास झाला, तर ज्याचा लॉट त्याला समोर उभा करून सांगायचो. शिव्या खायचो, पण तोंडावर सांगायचो. मी काय लहान पोर आहे? पोट माझं, आणि रिपोर्ट बायकोला!"

न राहवून मी मॅडमना फोन केला. त्या आता कोथरूडला बहिणीकडे राहत होत्या. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्याला मीच भांडून गुण दिले होते." आवाज पार बसला होता. "शिकवलं हो मी. पण त्याला बसायला वेळ आणि लावायला दार मी कुठून देऊ? ते काही माझ्या हातात नव्हतं." मग म्हणाल्या, मी येते आणि तुमच्या यजमानांना सगळं समजावते. यजमानांना विचारलं तर ते म्हणाले, "त्यांनी कशाला? ज्याचं काम त्यानं करावं. मी जातो."

आणि खरंच गेले. पुन्हा वेळ घेतली, इस्त्रीचा शर्ट घातला. मला म्हणाले, "तू बाहेर बस. तू आत आलीस की तो तुझ्याशीच बोलेल." यावेळी बाकावर मी होते. आकडा आला, ते आत गेले, दार तसंच अर्धवट राहिलं. मला त्यांची पाठ दिसत होती. "डॉक्टर, मला काय झालंय ते मला सांगा," असं स्पष्ट म्हणाले. मी बाकाच्या कडेला सरकले. मनात म्हणत होते, सांग रे बाबा. तुला येतं. मी पाहिलंय.

आत थोडं बोलणं झालं, ते मला ऐकू आलं नाही. मग यजमान उठले आणि दारात आले. "चल आत," म्हणाले. "तो विचारतोय, बरोबर कोण आलंय."

मी आत गेले. मुलगा खाली बघत होता. यजमान म्हणाले, "आली ही. आता सांगा. पण माझ्याकडे बघून." त्यानं वर पाहिलं. खरंच पाहिलं, अगदी क्षणभर, आणि मला वाटलं, आता म्हणेल. मग त्याची नजर घसरत माझ्याकडे आली आणि तो इंग्रजीत म्हणाला की आजार पुढे गेलेला आहे, मॅडमना, म्हणजे मला, सगळं सांगितलंय, आपण सपोर्टिव्ह केअर देऊ. "तुम्ही पॉझिटिव्ह राहा, काका." यजमानांनी त्याला नमस्कार केला. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "पोरगा वाईट नाही. पण त्याला ते सांगवत नाही." त्यानंतर त्यांनी त्याचा विषय काढला नाही.

राहिली मुलगी. तिचे दिवस भरत आले होते. विमानाची तारीख तोंडावर आलेली. ती दर रविवारी सकाळी फोन करायची, आणि प्रत्येक फोनला लोणचं आणा, झबली आणा, बाबांना थंडीची टोपी घ्या, हे चालू. मी म्हटलं, तिला आत्ता काही सांगू नये, तिकिटाचा काहीतरी घोळ झालाय म्हणू. यजमान संतापले. "मला बाहेर बसवलं तसंच तिला बसवायचं? नाही. तिला मी सांगणार. मी स्वतः."

रविवारी लवकर आंघोळ केली, दाढी केली. फोनपाशी खुर्ची ओढून बसले. मी शेजारी. फोन वाजला. "हां, बोल गं," म्हणाले. "बरी आहेस ना? बाळ हलतंय का?... हं... हं. इकडे ऊन आहे. तिकडे बर्फ का?... हो, टोपी घेतली. काळी." मी त्यांच्या हाताकडे बघत होते. त्यांनी फोनची वायर बोटाभोवती गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. "तिकिटांचं असं आहे बघ," म्हणाले आणि थांबले. मग पुन्हा, "असं आहे की..." मला कळलं. त्यांनाही कळलं असावं. त्यांनी रिसीव्हर माझ्यापुढे धरला आणि तोंड फिरवलं. "आईशी बोल."

मग मी बोलले. आश्चर्य म्हणजे, मला जमलं. कुठून जमलं कोण जाणे, पण आवाज कापला नाही, शब्द गिळला नाही, आडवळण घेतलं नाही. म्हटलं, "बाळा, वाईट बातमी आहे. तुझ्या बाबांना कॅन्सर झालाय. पोटाचा. बरा होण्यातला नाही. आम्हाला येता येणार नाही." आणि गप्प बसले.

मग ती हसली. लहानपणी हसायची तशी, थोडी वैतागून.

"आई, पुरे हं," म्हणाली. "परत बोलावलं का तुला कॉलेजवाल्यांनी? पण तू तर पेशंट असतेस ना? आता डॉक्टर कधीपासून झालीस?"

मी म्हटलं, "नाही गं." मी पुन्हा म्हटलं, "नाही गं, खरंच." माझं मलाच ते खोटं ऐकू आलं. इतकी वर्षं याच आवाजात मी तिला फसवलं होतं, आता दुसरा आवाज कुठून आणू? तिचं हसणं तसंच चालू होतं, पण आता ते जरा उंच, जरा घाईचं झालं होतं. "आई, नको ना. मला नाही आवडत हे, तुला माहितीये. या दिवसांत तर नकोच. बाबांना दे फोन."

मी यजमानांकडे पाहिलं. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना समजलं काय झालंय ते. त्यांनी हात पुढे केला आणि रिसीव्हर घेतला.

"हां," म्हणाले. "मी बोलतोय. ती तालीम करत नाहीये गं. मला झालाय. कॅन्सर."

तिकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. यजमानांनी डोळे मिटून घेतले होते. "हो," म्हणाले. थोडं थांबून पुन्हा म्हणाले, "हो बाळा." आणि मग बराच वेळ ते नुसतं हो म्हणत राहिले.